पिकअपच्या टायरमध्ये हवा किती? उत्तर ओझ्याला विचारा

पहाटेची वेळ असते. हौद्यात माल भरून झालेला असतो, ताडपत्री बांधून झालेली असते आणि गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानासमोर येऊन थांबते. दुकानदार नळी हातात घेऊन विचारतो, "किती मारू, शेठ?" ड्रायव्हर खिडकीतूनच उत्तर देतो, "नेहमीची मार." चारही चाकांना सारखीच हवा मारली जाते आणि गाडी रस्त्याला लागते.

भाजी-फळांचे व्यापारी, कापडाच्या गाठी पोहोचविणारे, भंगाराचा धंदा करणारे, फर्निचर बनविणारे, कोंबड्यांची वाहतूक करणारे अशा आपल्या हजारो बांधवांची रोजी-रोटी आज छोट्या मालगाडीवर अवलंबून आहे. टाटा एस ही गाडी २००५ मध्ये बाजारात आली, बोलेरो पिकअपसारख्या गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि भाड्याच्या टेम्पोची वाट पाहणारा छोटा व्यापारी स्वतःच्या गाडीचा मालक झाला. या गाडीचे डिझेल, हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार यांचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. मात्र जिच्यावर गाडी व माल दोन्ही उभे असतात, त्या हवेच्या बाबतीत "नेहमीची" या एका शब्दावर काम भागवतो.

खरी गोष्ट अशी की "नेहमीची हवा" नावाची काही चीज नसते. सकाळी दीड टन माल घेऊन जाणारी आणि संध्याकाळी रिकामी परतणारी गाडी टायरच्या दृष्टीने एक नसून दोन गाड्या आहेत.

ओझे टायर उचलत नाही, हवा उचलते

टायर म्हणजे रबर, दोरे आणि तारांची एक पिशवी आहे. वजन पेलण्याचे मुख्य काम तिच्यात कोंडलेली हवा करते. हवेचा दाब आपल्याकडे "पाउंड" या शब्दाने सांगतात. ६० पाउंड हवा याचा अर्थ टायरच्या आतून प्रत्येक चौरस इंचावर ६० पाउंडांचा जोर आहे.

आता एका मागच्या चाकावर ९७५ किलो, म्हणजे सुमारे २,१५० पाउंड वजन आहे असे समजा. टायरमध्ये ६० पाउंड हवा असेल, तर हे वजन तोलण्यासाठी ढोबळमानाने ३६ चौरस इंच जागा जमिनीला टेकावी लागेल, म्हणजे ६ इंच लांब आणि ६ इंच रुंद. हवा ४० पाउंडच असेल, तर तेच वजन तोलण्यासाठी सुमारे ५४ चौरस इंच जागा लागेल. एवढी जागा मिळविण्यासाठी टायर खाली बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजू बाहेर फुगतात.

उभ्या गाडीत हे फुगणे विशेष धोक्याचे वाटत नाही. गाडी धावू लागली की मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा वाकते आणि एकदा सरळ होते. पिकअपचे चाक एका किलोमीटरमध्ये चारशेहून अधिक फेरे घेते. मालेगावहून कापड घेऊन निघालेली गाडी चांदवड, नाशिक आणि कसारा घाट मागे टाकून भिवंडीला पोहोचेपर्यंत ही वाकण्याची क्रिया लाखभर वेळा झालेली असते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली तर ती गरम होऊन तुटते. टायरचेही तसेच होते. हवा जितकी कमी तितके वाकणे जास्त, आणि वाकणे जास्त तितकी उष्णता जास्त. आतले थर या उष्णतेने एकमेकांपासून सुटू लागतात आणि कधीतरी भर वेगात टायर फुटतो. लोक म्हणतात, "नवा टायर होता, कंपनीचा माल खराब निघाला." अनेकदा दोष मालाचा नसतो. तो हवेचा किंवा ओझ्याचा असतो.

आकडा कुठे शोधावा?

आपल्या गाडीसाठी योग्य हवेचा आकडा गाडी बनविणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेला असतो. तो ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सापडतो. मालवाहू गाड्यांसाठी पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे बहुधा वेगवेगळे असतात. काही गाड्यांसाठी रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असेही दोन आकडे दिलेले असतात. पट्टी उन्हाने उडून गेली असेल आणि पुस्तिका हरवली असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून हे आकडे ऑइलपेंटने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.

येथे एक नेहमीची गफलत सांगितली पाहिजे. टायरच्या बाजूवरही हवेचा एक आकडा कोरलेला असतो आणि अनेकजण तोच योग्य मानून तितकी हवा चारही चाकांत भरतात. हा आकडा आपल्या गाडीसाठी ठरविलेला नसतो. पूर्ण क्षमतेइतके ओझे असताना त्या टायरमध्ये जी हवा असावी, तिचा तो आकडा असतो. एकच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो. आपल्या गाडीला त्यापैकी किती हवा हवी, हे गाडीचा कारखाना सांगतो.

मापांचाही गोंधळ होतो. पुस्तिकेत कधी बार, कधी किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तर कधी किलोपास्कल असे लिहिलेले असते. १ बार म्हणजे १४.५ पाउंड, १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पाउंड आणि १०० किलोपास्कल म्हणजे १४.५ पाउंड. म्हणून पुस्तिकेत ४.५ बार लिहिले असेल तर ते सुमारे ६५ पाउंड समजावेत.

टायरच्या बाजूवर आणखी एक उपयोगी आकडा असतो, तो भारक्षमतेचा. टायरच्या मापानंतर ८६/८४, १०० किंवा १०७ असे जे लिहिलेले असते, ते किलो नसून ठराविक तक्त्यातील सांकेतिक अंक आहेत. ८४ म्हणजे ५०० किलो, ८६ म्हणजे ५३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०७ म्हणजे ९७५ किलो. एक टायर जास्तीत जास्त एवढे वजन पेलू शकतो. दोन अंक असतील तर पहिला अंक एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागच्या जोडचाकासाठी असतो.

मागच्या चाकांवर काय गुजरते?

ज्या बांधवांना नक्की हिशेब हवा असेल त्यांनी एकदा वजनकाट्यावर जावे. आधी रिकामी गाडी आणि नंतर नेहमीच्या भारासह गाडी तोलावी. दोन्ही वेळा प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन पाहावे आणि मग संपूर्ण गाडी घ्यावी. दुसऱ्या वजनातून पहिले वजा केले की मागच्या चाकांवरचा भार मिळतो.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊ. रिकामी असताना तिचे वजन १,७०० किलो आहे. त्यापैकी ९५० किलो पुढे आणि ७५० किलो मागे पडते. तिच्यात १,३०० किलो माल भरला. आता काट्यावर पुढे १,०५० आणि मागे १,९५० किलो भरले. म्हणजे पुढच्या एका चाकावरचे वजन ४७५ वरून ५२५ किलो झाले, जेमतेम एक दशांश वाढले. मागच्या एका चाकावरचे वजन मात्र ३७५ वरून थेट ९७५ किलोवर गेले, अडीचपटीहून अधिक! चारही चाकांना सारखी हवा भरणारा आणि रिकाम्या गाडीची हवा भरल्या गाडीत ठेवणारा माणूस कुठे चुकतो, हे या चार आकड्यांवरून लक्षात येईल.

याच गाडीच्या टायरवर १०७ हा अंक असेल तर ९७५ किलोला तो टायर आपल्या हद्दीवर पोहोचला. यापुढे आणखी चार पोती टाकून वर "हवा थोडी जास्त मारून घेऊ" असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. हवा टायरला त्याच्या क्षमतेपर्यंत नेते, क्षमतेपलीकडे नेत नाही. जादा हवेने टायर ताठ दिसतो, पण त्याचे दोरे, रिम, बेअरिंग आणि पाटे तेवढेच राहतात.

माल एका बाजूला जास्त रचला तरी हेच घडते. दोन चाकांची बेरीज हद्दीत असते, परंतु एक चाक हद्द ओलांडून जाते. म्हणून लोखंड, फरशी, फ्रीज-कपाटे असा जड माल हौद्याच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना समतोल ठेवावा, अगदी शेवटच्या फळीजवळ नव्हे.

कायद्याचा भागही ध्यानात असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनासाठी आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. एका खेपेत वाचविलेले भाडे एका नाक्यावर निघून जाते.

हवा केव्हा मोजावी?

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असेल किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालून आली असेल, तर टायर थंड समजावा. पट्टीवरचे सर्व आकडे थंड टायरचे असतात.

३० अंश तापमानाला भरलेली ६० पाउंड हवा टायर चालून ६० अंशांपर्यंत तापला की सुमारे ६७ पाउंड दाखवते. हवा वाढलेली नसते, तापलेली असते. आता ड्रायव्हर ढाब्यावर थांबतो, टायर ठोकून पाहतो आणि "हवा जास्त झाली" म्हणून ७ पाउंड सोडून देतो. रात्री टायर थंड झाल्यावर त्यात केवळ ५३ पाउंड उरतात. दुसऱ्या दिवशी हाच टायर पूर्ण ओझे घेऊन निघतो, कमी हवेमुळे अधिक तापतो, पुन्हा गेज जास्त आकडा दाखवतो आणि पुन्हा हवा सोडली जाते. अशा रीतीने माणूस काळजी घेण्याच्या भरात टायर फोडण्याची तयारी करीत असतो. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये.

याच्याच जोडीला दुसरा समज आहे, "उन्हाळ्यात पाच पाउंड कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटतो." हा समज पूर्णपणे उलटा आहे. गरम होऊन दाब थोडा वाढेल याचा हिशेब टायर बनवितानाच धरलेला असतो. कमी हवेने मात्र टायर अधिक वाकतो आणि बाहेरच्या उन्हात आतल्या उष्णतेची भर पडते. मे महिन्यात फुटणारे कित्येक टायर जादा हवेमुळे नव्हे, तर कमी हवा आणि जादा ओझे यांच्या एकत्र माराने फुटतात.

थंडीत उलट घडते. ३० अंशांना भरलेले ६० पाउंड नाशिक-निफाडकडच्या १० अंशांच्या पहाटे ५५ पाउंड होतात. पंक्चर नसतानाही ५ पाउंड कमी! म्हणून ऋतू बदलला की त्याच आठवड्यात हवा पुन्हा मोजून पट्टीवरच्या आकड्यावर आणावी.

जास्त की कमी, मोठी चूक कोणती?

आता खरा व्यवहारी प्रश्न येतो. जाताना गाडी भरलेली आणि येताना रिकामी असेल तर हवा कोणती ठेवावी? दिवसातून दोनदा हवा सोडणे-भरणे कोणालाही जमत नाही. अशा वेळी दोन्ही चुकांची किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

भरल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत राहिली तर मागची चाके रस्त्यावर उड्या मारतात, टायरचा मधला पट्टा लवकर झिजतो, ड्रायव्हरची कंबर दुखते आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरू शकते. काच, अंडी, पिकलेली फळे असा थोडासाच नाजूक माल असेल तर त्याची मोडतोड होते. ही हानी आहे, पण वेग कमी ठेवून बरीचशी टाळता येते.

रिकाम्या गाडीची हवा भरल्या गाडीत राहिली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, डिझेल जास्त जाते, वळणावर गाडी डुलते आणि टायर आतून शिजत जातो. ही हानी डोळ्यांना दिसत नाही आणि दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून नियम असा ठेवावा: पुढच्या चाकांची हवा कायम पट्टीप्रमाणे. मागच्या चाकांची हवा त्या दिवशीच्या सर्वांत जड खेपेप्रमाणे. परतताना, विशेषतः पावसात आणि घाटात, गाडी सावकाश हाकावी. सलग काही दिवस गाडी रिकामी किंवा हलक्या मालावर फिरणार असेल आणि कंपनीने रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा दिला असेल, तरच मागची हवा त्या आकड्यावर आणावी, त्याखाली नाही. पुन्हा जड भाडे मिळाले तर माल भरण्यापूर्वी हवा भरावी.

हवा बरोबर आहे की नाही याची साक्ष टायरही देतो. टायरच्या रुंदीभर खडूची एक आडवी रेघ ओढावी आणि सरळ रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवावी. रेघ मध्येच पुसली गेली तर ओझ्याच्या मानाने हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर हवा कमी, सगळीकडे सारखी पुसली गेली तर हवा योग्य. ही ढोबळ खूण आहे. तिच्या भरवशावर कंपनीच्या आकड्याखाली जाऊ नये.

पंक्चरचे काम करणाऱ्या बांधवांसाठी

पंक्चर आणि टायरच्या धंद्यात आपले अनेक कारागीर आहेत. त्यांच्या जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी हवेवर चाललेला टायर, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो, आतून दुबळा झालेला असू शकतो. अशा टायरमध्ये नुसती नळी लावून पूर्ण दाबाने हवा मारू नये. टायर रिमवरून उतरवावा, आतून हात फिरवून पाहावा. रबराचा भुगा, सुरकुत्या, सुटलेले दोरे किंवा बाजूला आलेला फुगा दिसला तर तो टायर परत करावा. हवा भरताना टायरच्या बाजूसमोर तोंड करून बसू नये. लांब नळी वापरून एका अंगाला उभे राहावे, कारण फुटणारा टायर बहुधा बाजूनेच फुटतो. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला थांबायला सांगण्याचा कारागिराला पूर्ण अधिकार आहे.

दुकानातला गेज वर्षानुवर्षे पडतो, आदळतो आणि चार-पाच पाउंडांनी खोटा बोलू लागतो. चांगल्या नव्या गेजशी तो वरचेवर ताडून पाहावा. तराजू खरा ठेवणे हे जसे दुकानदाराचे कर्तव्य, तसाच गेज खरा ठेवणे हेही.

सवय लागावी म्हणून

मालकाने काही शे रुपयांचा स्वतःचा गेज घेऊन गाडीतच ठेवावा. आठवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रत्येक खेपेपूर्वी पहाटे थंड टायरची हवा मोजावी. त्याच वेळी स्टेपनीही पाहावी. रात्री बारा वाजता घाटात बाहेर काढलेली स्टेपनी बसलेली निघाली तर तिचा काय उपयोग? व्हॉल्व्हवरचे टोपण पाच रुपयांचे असले तरी ते धूळ आत जाऊ देत नाही आणि हवा राखते. एकच टायर आठवड्यागणिक दोन-तीन पाउंड सोडत असेल तर हवा भरत राहण्यापेक्षा खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिम तपासावी. मागे जोडचाक असेल तर दोन्ही चाकांची हवा सारखी ठेवावी, नाहीतर एकाचे ओझेही दुसऱ्यावर पडते. टायरच्या खाचांमध्ये असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, झीज आली की टायर बदलावा. तेथे हवेचा कोणताही आकडा कामाला येत नाही.

नायट्रोजनबद्दल अनेकजण विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढा त्याचा फायदा. पण तो भरला म्हणजे मोजण्यातून सुटका झाली असे नाही. पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत देणे पंपचालकांवर बंधनकारक आहे. तिचा लाभ घ्यावा, मात्र आकडा आपल्या गेजने तपासावा.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला झाला आहे. अशा ७०१ किलोमीटरच्या सलग रस्त्यावर गाडी तासन् तास न थांबता धावते. जुन्या रस्त्यावर खड्डे, गावे आणि नाके टायरला आपोआप विसावा देत असत. येथे तो मिळत नाही. कमी हवेची जी चूक गावातल्या फेऱ्यांत वर्षभर खपून जाते, ती येथे एका दुपारीही खपणार नाही. म्हणून लांबच्या पल्ल्यावर दर दोन तासांनी थांबावे, चारही टायरांवर हात ठेवून पाहावे. एक टायर इतरांपेक्षा फार गरम लागला तर तो काहीतरी सांगत आहे असे समजावे.

शेवटी मालकांना एवढेच सांगणे आहे की गाडी आपली असली तरी ती चालवणारा बहुधा दुसऱ्याच्या घरचा मुलगा असतो. "अजून पाच पोती टाक, काही होत नाही" असे आपण हौद्याजवळ उभे राहून म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. त्या पाच पोत्यांसह घाट उतरायचा असतो त्याला. तेव्हा उद्या पहाटे पंक्चरवाल्याने "किती मारू?" असे विचारले, तर "नेहमीची" म्हणू नका. आज गाडीत किती वजन आहे ते आधी पाहा, मग पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा सांगा.